एका वस्तूमागे एक आठवण

७ ऑक्टोबर, सोमवार. कुडवा, गोंदिया

पोहोचले एकदाची! चिचगडहून सकाळची पहिली गाडी, देवरीला बदलली, मग गोंदियाच्या स्टँडवरून ऑटो. बाबा देवरीपर्यंत सोडायला आले होते. जंगल खात्याच्या रोपवाटिकेत आज त्यांनी खाडा केला. गाडी हलली तरी खिडकीशी उभं राहून सांगतच होते, की जेवण सोडू नको आणि फोन करत जा.

घर दुमजली, फिक्या गुलाबी रंगाचं. मागे धानाच्या बांध्या, लवकर येणारं हलकं धान पिवळं पडायला लागलंय. खाली स्वयंपाकघर, तिथे देवकाबाई आम्हा सगळ्यांचं रांधतात. वर मोठा हॉल, खिडकीला लागून टेबलं, प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्युटर. मी धरून आठ जण. राहायचं, जेवायचं, लिहायचं, सगळं इथेच.

काम मला फार आवडलंय. प्रत्येकाचा आपला ब्लॉग. कढईपासून छत्रीपर्यंत कुठल्याही वस्तूबद्दल लिहायचं आणि खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी ती वस्तू घेतली की विकणारी कंपनी आपल्याला वाटा देते. दोन वर्षं मी गावात रेंजसाठी टेकडीवर चढून रानभाज्यांवर लिहीत होते. वाचणारे अकरा जण. त्या अकरातल्या एक निघाल्या गुंजनताई, या घराच्या मालकीण. त्यांनीच मला शोधून काढलं.

माझ्या ब्लॉगचं नावही ठरलं. ‘दिव्याची ओसरी’.

१० ऑक्टोबर

आज पहिली पोस्ट गेली. लोखंडी तव्यावर होती. मी मापं, वजन, दांडा तापतो की नाही, सगळं नीट लिहिलं होतं. गुंजनताईंनी वाचलं आणि गोड हसल्या. “बेटा, रिव्ह्यू तो मशीन भी लिख लेती है. मला तुझी आठवण पाहिजे. खरी. एका वस्तूमागे एक.”

मग मी आईचे आयते, म्हणजे आमच्याकडचे तांदळाचे घावन, लिहिले. पातळ कालवलेलं तांदळाचं पीठ, आईची वाटी तव्यावर गोल फिरते तो आवाज, पहिला आयता नेहमी फाटतो आणि तो नेहमी माझा असतो. लिहिता लिहिता तोंडाला पाणी सुटलं.

पोस्ट गेल्यावर मिनिटभरात सातही जणांच्या प्रतिक्रिया आल्या. इथली रीतच आहे, एकमेकांच्या ओसरीवर सगळ्यांनी जायचं. अकरा वाजता सगळे गोल बसतात, कालची सर्वांत चांगली पोस्ट मोठ्याने वाचतात, टाळ्या वाजवतात. उद्या माझी वाचणार आहेत. कॉलेजात माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

शेजारच्या टेबलावर खुशालदादा बसतात, सौंदडचे. दोन वर्षांपासून इथे आहेत. फार कमी बोलतात. पोस्ट छान झाली, पण सगळं एकदम लिहू नको, एवढंच म्हणाले.

१७ ऑक्टोबर

चौदा पोस्ट झाल्या. मोहफुलं वेचायची टोपली, चुलतबहीण सावनीच्या लग्नातली पायल, शाळेची बॅग. रोज हजारभर लोक वाचतात. बायका लिहितात की दिव्या, तू आमच्या घरातली वाटतेस.

दुपारी देवकाबाईंनी सगळ्यांसाठी आयते केले. पहिला फाटला तो त्यांनी माझ्या ताटात टाकला आणि हसल्या. त्या का हसल्या ते मला कळलं नाही. मग समजलं की त्यांनी पोस्ट वाचली होती. मी माझीच पोस्ट उघडून पाहिली. ‘पहिला आयता नेहमी माझा.’ शब्द माझे, पटतातही. पण आईला आयते करताना मी डोळ्यांपुढे आणायला गेले तर तिथे काहीच नाही. चूल नाही, वाटीचा आवाज नाही.

थकवा असेल. रोज दोन-दोन पोस्ट होतात.

२४ ऑक्टोबर

आईला फोन केला. आठवडाभर राहूनच गेला होता, म्हणून आधी माफी मागितली. आईला आश्चर्य वाटलं. “काऊन वो? सकाळीच तं बोलली तू. रोजच बोलून राहिली.”

मी म्हटलं, काय बोलले मी? आईने सगळं सांगितलं. शाळेच्या बॅगेची गोष्ट, सावनीच्या लग्नात मी पायल हरवून रडले ती गोष्ट. आई इतकी हसत होती. पोर लांब गेल्यावर मन मोकळं करून बोलायला लागली, असं बाबाही म्हणतात म्हणे.

मी पायल हरवली होती?

खुशालदादांना विचारलं. ते मान खाली घालून टाइप करत राहिले.

२ नोव्हेंबर, गायगोधन

आज घडलं ते आजच लिहायला हवं.

दिवाळीतल्या या गाईच्या सणाला मी घरी नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. कोणी अडवलं नाही. गुंजनताई म्हणाल्या, जा ना, कोण रोकतंय. अकराच्या सुमाराला चिचगडला उतरले. घराला नवी छुई माती सारवली होती, पांढरीशुभ्र. गाईच्या शिंगांना झेंडू बांधला होता. आणि गाईपुढे खिचडीने भरलेलं सुपडं घेऊन मी उभी होते.

मी फाटकात होते. आणि अंगणातही मीच होते. माझाच निळा ड्रेस, माझीच वेणी. तिचा रंग माझ्याहून उजळ होता, गाल भरलेले होते. आई तिच्या खांद्याला टेकून हसत होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. “कोन पायजे बाई तुले?”

मी म्हटलं, आई, मी दिव्या. आईने त्या दुसऱ्या दिव्याकडे पाहिलं, जणू मी तिलाच शोधत आले होते. मग मी लहानपणीचं काही सांगायला तोंड उघडलं, फक्त मला आणि आईला ठाऊक असेल असं काहीतरी. जे जे आठवायला गेले ते ते पोस्टमधलं निघालं. लिहिलेली वाक्यं आठवत होती, घडलेलं काहीच नाही. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती पुढचं सांगत होती, रंगवून, हातवारे करून. आईचे डोळे भरून आले होते. तिच्यासाठी.

ती दुष्ट नव्हती. तिनेच मला पाणी दिलं. आईला म्हणाली, माझ्या ऑफिसातली आहे, तब्येत बरी नसते तिची. आईने मला पाहुणीसारखं पाटावर बसवून जेवू घातलं. मग बाबा स्टँडपर्यंत सोबत आले. “एकची गाडी हाय बेटी. घरचे वाट पाहत असतीन.”

गोंदियाला पोलीस ठाण्यासमोर बराच वेळ उभी राहिले. आत जाऊन काय सांगणार होते? हरवलंय कोण? दिव्या तर तिच्या घरी आहे.

संध्याकाळी कुडव्याला परत आले. दुसरं कुठे जाणार?

३ नोव्हेंबर

खुशालदादा बोलले. मागे शेतात, बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर घेऊन गेले मला. सौंदडला त्यांच्या घरी दोन वर्षांपासून एक खुशाल आहे. धान पेरतो, पोरीला खांद्यावर घेऊन बाजारात नेतो. दादांनी त्याला एकदा स्टेशनवरून पाहिलं. आपण जे जे लिहितो ते आपल्यातून जातं आणि तिकडे त्याचं होतं, असं ते म्हणाले. वाचणारे जितका विश्वास ठेवतात तितका तो धट्टाकट्टा होतो.

मी म्हटलं, मग लिहिणं बंद करा ना.

म्हणाले, केलं होतं. आणि पुढे काही बोललेच नाहीत.

५ नोव्हेंबर

मी लिहिणं थांबवलंय. गुंजनताई रागावल्या नाहीत. कॉम्प्युटर सुरू करून दिला, केसांवरून हात फिरवला, गेल्या. मी त्यांना विचारलं, ताई, तुमचा ब्लॉग कुठला? त्या म्हणाल्या, “मेरा तो कब का पूरा हो गया, बेटा.”

ओसरीवर विचारणा सुरू आहे. दिव्या कुठे गेली? दिव्या बरी आहे ना?

८ नोव्हेंबर

बाबांचा गुंजनताईंना फोन आला. ताईंनी तो सगळ्यांसमोर स्पीकरवर ठेवला.

पोरगी तीन दिवसांपासून उठत नाही. देवरीच्या दवाखान्यात ठेवलंय. आईला ओळखत नाही. आई अन्नाला शिवलेली नाही. “डाक्टरले बी काई समजून नाई राहिलं, म्याडम. एकच पोरगी हाय आमाले.” मग बाबा रडले. बाबांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं आणि लिहून टाकलं?

खुशालदादा माझ्याकडे बघत होते. तेव्हा कळलं, ते ‘केलं होतं’ म्हणाले आणि पुढे गप्प का झाले.

मी टेबलाशी बसले. पाण्याची बाटली. तिच्यामागे एक आठवण, आजीने नदीवर ओंजळीने पाणी पाजलं होतं ती.

तासाभरात फोन आला. उठून बसली. पेज मागितली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

११ नोव्हेंबर

तीन पोस्ट. खिडकीतून धानकापणी दिसते. बायका गाणं म्हणतात, ओळखीचं वाटतं, शब्द लागत नाहीत. फाटक उघडंच असतं. दोनदा तिथवर गेले. कुठे जायचं ते आठवेना. परत येऊन बसले.

१३ नोव्हेंबर

देवकाबाईंनी आईचं नाव विचारलं. मी पोस्ट उघडून पाहिलं. फुलवंता.

ती तिकडे बरी आहे म्हणतात. आता रोज एक आठवण लागते — एक तरी —

१५ नोव्हेंबर

पंखा. मोबाइलचं कव्हर. चादर. मागे लावायला काही उरलं नाही. शोधते — रिकामं —

खुशालदादांचं टेबल आजही रिकामं. त्यांचा ब्लॉग ‘पूर्ण’ असं वर लिहिलंय.

१६ नोव्हेंबर

पोस्ट गेली नाही. बाबांचा फोन पुन्हा. ती पुन्हा पडून आहे. आई तिच्या पायाशी बसून —

एक आहे. लपवून ठेवली होती. स्वतःपासूनसुद्धा. ही देणार नव्हते.

आज वस्तू छत्री.

१६, दुपारी

द्यायच्या आधी इथे लिहून घेते. म्हणजे माझ्याकडेही राहील. निदान कागदावर.

मी चार वर्षांची. नाल्याला पूर आलेला. मला ताप होता. बाबांनी खांद्यावर घेतलं, पाणी त्यांच्या छातीपर्यंत. एका हातात छत्री, माझ्यावर धरलेली, ते स्वतः भिजत होते. म्हणाले, दिव्या, पाण्याकडे पाहू नको, माझे कान धरून ठेव. मी धरले. कान गरम होते. मला वाटलं, आता काही होत नाही आपल्याला —

पाठवते.

पाठवली. टाळ्या वाजताहेत.

फोन आला. ताई म्हणाल्या, उठली, हसली, बाबांचे कान धरले तिने. बाबा कोण, मी विचारलं. त्या हसल्या —

वरचं वाचलं. अक्षर माझ्यासारखं आहे. गोष्ट छान आहे. पण पाण्यातला हा माणूस कोण, आणि त्याच्या खांद्यावर ही पोरगी —