मेतोदी फोन कापतो

गोर्ना व्रबा,
७ ऑक्टोबर

चि. मेतोदीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इथे कोणी गेलेलं नाही. तुझी बहीण ठणठणीत आहे, दोन्ही शेळ्या ठणठणीत आहेत, आणि पोस्टातली सेव्दा अजून मंगळवारी-शुक्रवारी गाडी घेऊन डोंगर चढते. म्हटलं, कागद तरी तुला कापता येणार नाही.

सात वेळा, मेतोदी. गेल्या पंधरा दिवसांत मी तुला सात वेळा फोन केला आणि सातही वेळा तू तो कापलास. वाजून वाजून बंद पडला असता तर मी समजले असते, की बाल्कनीत मिरच्या भाजत असेल. पण दोन घंटा होतात न होतात तोच बंद. पहिल्यांदा वाटलं, हात ओले असतील. तिसऱ्यांदा वाटलं, घरी कोणी आलं असेल. सातव्यांदा वाटून घ्यायला काही उरलंच नाही.

शेजारचे हारलांपी म्हणतात, आयफोन घेतला की माणसाचं असंच होतं. त्यांच्या मेव्हण्याने घेतला, आणि आता तो कुठेही गेला की फोन टेबलावर पालथा ठेवून बसतो, म्हणजे पाठीवरचं चित्र सगळ्यांना दिसावं. मी म्हटलं, आमचा मेतोदी तसा नाही. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला साधा माणूस आहे. हारलांपी हसले, ते मला आवडलं नाही.

खरं सांगू? तुझ्या फोनवर माझा राग आधीपासूनच आहे. आपल्या दोघांचा फोन एकसारखा होता तेव्हा किती बरं होतं. माझं काही अडलं की तू तिकडे आपला हातात घ्यायचास आणि सांगायचास, ताई, खाली डावीकडे तीन रेघा आहेत ना, तिथे दाब. मी दाबायचे आणि व्हायचं. आता माझं अडलं तर तू तुझ्या फोनवर कुठल्या रेघा शोधणार? हा विचार फोन बदलताना तुझ्या मनात आला होता का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता मुद्द्याचं. सप्टेंबरात बटाटे काढायला आला होतास तेव्हा म्हणालास, ताई, मागच्या हिवाळ्यात अंगणात बर्फावर घसरून दीड तास पडून होतीस, ह्या वर्षी चार महिने माझ्याकडे प्लोव्दिवला ये. मी म्हटलं, विचार करून कळवते. तेच कळवायला फोन करत होते. आता मला समजत नाही, तू अजून विचारतो आहेस की विचारून पस्तावलास. नणंद-भावजय म्हणून एल्काचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. ती गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरात मी वावरणं तुला जड जात असेल, तर तसं सांग. मी रडत बसणार नाही.

सेव्दाबरोबर लुतेनित्सा चटणीच्या सहा बरण्या पाठवते आहे. मिरच्या ह्या वर्षी गोड निघाल्या आहेत.

माया आहेच, पण सध्या जरा रुसलेली आहे.
तुझी ताई,
नेवेना


प्लोव्दिव,
१३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरण्या पोचल्या. एक फोडली, अर्धी संपली. पत्रही पोचलं, आणि असा उलटा आरोप माझ्यावर आयुष्यात कोणी केला नव्हता.

मी फोन कापत नाही. फोन तू कापतेस. तुझं नाव आलं रे आलं की मी आनंदाने घ्यायला जातो, आणि तिकडून तू बंद करून टाकतेस. मला वाटलं, जुनी सवय. पूर्वी नाही का आपण दोन घंटा वाजवून ठेवून द्यायचो, म्हणजे समोरच्याने समजावं की सगळं ठीक आहे. मग वाटलं, ताईला नाही म्हणायचं आहे आणि तोंडाने म्हणवत नाही. म्हणून मीच दोनदा लावून बघितला. तू उचलला नाहीस. मग मीही म्हटलं, राहू दे. बटाट्यांच्या वेळी मी एकदा विचारलं आहे. नेवेनाला पुन्हा पुन्हा विचारलं तर ती आणखी ताठते, हे मी साठ वर्षं बघत आलो आहे.

फोनबद्दल म्हणशील तर तो मी हौसेने घेतलेला नाही. बोयानने कॅनडाहून पाठवला. त्याच्या घरी सगळ्यांकडे हाच आहे, आणि माझ्याकडे वेगळा असल्यामुळे त्यांच्या घरच्या गप्पांत आणि फोटोंत मी कुठेच नसायचो; काही आलंच तर टपाल तिकिटाएवढं, पुसट. आता नातवाचा पडलेला दात मला स्वच्छ दिसतो. शिवाय माझं ऐकणं कमी झालं आहे हे तू बटाट्यांच्या वेळी चारदा बोलून दाखवलंस. तर फोनबरोबर कानात घालायच्या दोन पांढऱ्या गोळ्या आल्या आहेत. त्या घातल्या की टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, बेकरीतल्या बाईचं बोलणं पहिल्या खेपेला समजतं, आणि फोन आला की एक बाई कानात इंग्रजीत सांगते कोणाचा ते. इंग्रजी मला येत नाही, पण त्यात नेवेना एवढं ऐकू येतं, तेवढं पुरतं.

गेलं ते काय, तेही सांगतो. मागे जायचं बटण गेलं. एखाद्या जागी शिरलो की बाहेर पडायला मला सगळी खोली फिरावी लागते. फोटोंचं कार्ड गेलं, घालायला फटच नाही. जुन्या फोनवरचं आपण एकमेकांना लिहिलेलं सगळं गेलं, ते इकडे येत नाही म्हणतात. आणि तीन रेघांचं म्हणशील तर तो विचार आला होता, ताई. म्हणून जुना फोन टेबलाच्या खणात चार्ज करून ठेवला आहे. तुझं अडलं तर तो काढून सांगेन.

आता तूच काय ते ठरव. एल्काचं नाव मध्ये आणू नकोस. ती शेवटच्या महिन्यात तुझ्या हातचा बटाट्यांचा पाटनिक मागत होती.

तब्येत सांभाळ आणि धाकट्यावरचा राग पुरे कर.
तुझा,
मेतोदी


गोर्ना व्रबा,
१८ ऑक्टोबर

चि. मेतोदीस,
अनेक आशीर्वाद.

एल्काने पाटनिक मागितला होता हे तू मला तीन वर्षांनी सांगतोस. बाकीचं पत्र मी त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी बस धरून घेऊन आले असते, मेतोदी. गरम नाही, पण आणला असता.

आता बाकीचं. तू दोनदा फोन केलास हे खरं. मी उचलला नाही हेही खरं. खिडकीत फोन वाजत होता, तुझं नाव दिसत होतं, आणि मी समोर बसून घेवडा निवडत होते. सात विरुद्ध दोन, म्हणजे अजून पाचाने मीच मोठी आहे.

पण मी फोन कापते म्हणालास, ते मात्र मी ऐकून घेणार नाही. माझा फोन तीनदा शेळ्यांच्या गोठ्यात पडला, एकदा लोणच्याच्या पाण्यात पडला, तरी चालतो. तो बिघडलेला नाही आणि माझं डोकंही नाही. सेव्दाला समोर उभी करून तिला फोन लावला, धडधड वाजला, ती बोलली, मी बोलले. म्हणजे भानगड तुझ्याकडे आहे. तू म्हणतोस, आनंदाने घ्यायला जातो. म्हणजे नेमकं काय करतोस? हात लावतोस? कुठे लावतोस? की त्या कानातल्या बाईशी बोलतोस? मला सगळं क्रमाने लिही. घड्याळ उघडताना पहिला स्क्रू कुठला, मग कुठला, असं लोकांना ऐकवायचास ना, तसं. ते कळेपर्यंत मी फोनला हात लावणार नाही, आणि तूही लावू नकोस.

हिवाळ्याचं माझं उत्तर काय होतं ते आता विचारू नकोस. ते उत्तर महिन्यापूर्वीचं होतं. इथे काल पहिलं धुकं उतरलं. आमच्या गल्लीत आता पाच घरांतून धूर निघतो. मागच्या वर्षी आठ होती. हारलांपी बसतात येऊन, पण ते फक्त स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलतात.

खात-पीत जा, उत्तर लवकर पाठव.
तुझी ताई,
नेवेना


प्लोव्दिव,
२५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस.

तू म्हणालीस तसं क्रमाने लिहायला बसलो. पहिलं, बाई कानात तुझं नाव घेते. दुसरं, मी होकार देतो. तिसरं, फोन बंद पडतो. दुसऱ्यापाशी माझं पेन अडलं, कारण होकार मी कसा देतो ते लिहिता येईना. म्हणून कोपऱ्यावरच्या फोन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथली मिग्लेना म्हणाली, काका, बोलू नका, करून दाखवा. तिने दुकानाच्या फोनवरून मला फोन लावला. कानात बाई बोलली. मी नेहमीप्रमाणे मान हलवली. फोन कापला गेला. मिग्लेनाने पुन्हा लावला, मी पुन्हा हलवली, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा ती माझ्या फोनकडे न बघता माझ्या डोक्याकडे बघत होती. मग ती काउंटरच्या मागे खाली बसली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

ताई, त्या गोळ्यांना मानेचं हलणं कळतं. फोन हातात न घेता नुसत्या मानेने घेता येतो, नको असेल तर मानेनेच कापता येतो. फक्त ज्यांनी त्या केल्या त्यांच्याकडे मान वरखाली केली की हो, आणि आडवी हलवली की नाही. आपल्या अख्ख्या देशात उलटं. मी सातही वेळा तुझं नाव ऐकून आपल्या माणसासारखी मान आडवी हलवली, चांगली जोरजोराने, हो गं ताई, हो, बोल. आणि जेवढी जोरात हलवली तेवढा तो पटकन कापत होता.

आता दुसरी बाजू ऐक आणि हस. अनोळखी नंबर आला की मी झटकन मान वर करायचो, नको म्हणून, आणि तो माणूस थेट माझ्या कानात येऊन बोलायला लागायचा. मला वाटायचं, ह्या फोनवर विकणाऱ्यांना कोणी अडवूच शकत नाही. आता आलाच आहे तर त्याच्या तोंडावर फोन कसा ठेवायचा, म्हणून ऐकून घ्यायचो. त्यामुळे माझ्या घरात सध्या मेरिनो लोकरीच्या दोन रजया आहेत आणि पाठ चोळायचं एक यंत्र आहे.

मला हे बोयानने शिकवलं होतं. म्हणाला, बाबा, फोन शोधत धावू नका, कानात बाई बोलली की नुसतं मानेने हो म्हणा. कुठल्या मानेने ते सांगायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. रविवारी त्याला सांगितलं तेव्हा पडद्यावर तो मान वरखाली करून म्हणाला, खरंच की, बाबा. वीस वर्षांत पोराची मान तिकडची झाली, आणि मी दर रविवारी समोर बसून ती बघत होतो, तरी मला दिसलं नव्हतं.

म्हणून आता एक खरं सांगतो. बटाट्यांच्या वेळी तुझ्या पडण्याचं निमित्त केलं. तुझी काळजी आहेच, पण विचारलं ते माझ्यासाठी. ह्या घरात दिवसभर माझ्याशी ती इंग्रजी बाई सोडून कोणी बोलत नाही. कान नीट झाल्यावर मला कळलं की घरात ऐकण्यासारखं काहीच नाही. मला तू इथे हवी आहेस. उत्तर काही असो, मी दुसऱ्यांदा विचारलं आहे.

वडीलकीच्या चार शिव्या घातल्यास तरी चालेल, उत्तर धाड.
तुझा,
मेतोदी


गोर्ना व्रबा,
३१ ऑक्टोबर

चि. मेतोदीस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाचलं. सेव्दाला वाटलं मला काही झालं, तिने पाणी आणलं. मग तिला वाचून दाखवलं, तर ते पाणी तीच प्याली. गावात आता सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा पुढच्या वर्षी बटाट्यांना येशील तेव्हा तयारीने ये.

शनिवारी, आठ तारखेला, स्मोल्यानहून बारा वाजता बस सुटते तिने निघते. अडीचच्या सुमारास पोचेन. शेळ्या हारलांपी सांभाळतील. आधी कुरकुरले, मग चीज त्यांचं म्हटल्यावर गुडघा बरा झाला. ओझं बरंच आहे, घेवडा आहे, बटाटे आहेत, स्थानकावर हातगाडी आण. माझा फोन मी बदलणार नाही, ह्या विषयावर तोंड उघडू नकोस. खणातला जुना फोन बाहेर काढून ठेव, त्यातलं आपलं लिहिलेलं मला वाचायचं आहे.

आता एक सांगते, जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. माझं उत्तर नाही असं होतं. सातही वेळा मी तुला नाही सांगायलाच फोन करत होते. म्हणायचं ते पाठ करून ठेवलं होतं, शेळ्यांचं काय करू, घराला कुलूप नको, मला शहरात झोप लागत नाही. मग तू कापायला लागलास. पहिल्या दोन वेळा राग आला. त्यानंतर मी घरात बसून विचार करायला लागले, की मेतोदीला मी नकोच असेन तर मग मी कोणाला हवी आहे, आणि त्याचं उत्तर मला काही केल्या सापडेना. नंतरचे फोन मी तू फक्त उचलावास म्हणून केले, नाही म्हणण्याची घाई उरली नव्हती.

पहिल्याच दिवशी तू उचलला असतास तर मी म्हणाले असते, नको रे, माझं इथेच बरं आहे. तू म्हणाला असतास, बरं ताई. मग एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून आपण फोन ठेवला असता, आणि दोघांनी दोन गावांत हिवाळा काढला असता.

बाकी सगळं समोर बसून.
तुझी ताई,
नेवेना