अंत्युखियातली पंगत

मास्तर, आज दुपारी शेडवरची वीज गेली आणि काम थांबलं. बेदाणा निवडणाऱ्या बायका बाहेर लिंबाच्या सावलीला जाऊन बसल्या आणि मी नातवाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तासगावात तुम्हाला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तरी काही मनात आलं की मी अजून तुमच्याशीच बोलतो. तुम्ही मधेच हसता, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसता आणि म्हणता, "पुढं बोल की. थांबलास का?" तेव्हा आज पुढचं बोलतो.

सांगलीत तुमच्या दारात पहिल्यांदा आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि विश्रामबागेतलं कॉलेज सोडून मला चार दिवस झाले होते. कँटीनमध्ये एक पोरगा तुमच्या भाचीबद्दल, तिच्या जातीबद्दल आणि धर्माबद्दल जे बोलला ते मी आजही कागदावर लिहिणार नाही. मी त्याला बाकावर आडवा घातला. प्राचार्यांनी कोरा कागद पुढं केला आणि माफी लिहायला सांगितली. मी तो कागद चुरगाळून त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि चालू लागलो, दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून. मला वाटलं, तिच्यासाठी केवढा त्याग केला! तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती नर्सिंग शिकायची, रविवारी तुमच्या ख्रिस्ती देवळात गायची, आणि मी बाहेर सायकलची चेन पडल्याचं सोंग करून दीड-दीड तास उभा असायचो. आमचं एकूण बोलणं म्हणजे ती एकदा म्हणाली होती, "रोज रोज पडतीय, नवी चेन घ्या की."

तुम्ही शाळेतनं निवृत्त होऊन दोन खोल्यांच्या कौलारू घरात राहत होता. पायरीवर बसून शेंगा फोडत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मास्तर, मला बाप्तिस्मा पायजे. येत्या रविवारी."

"मी मास्तर हाय, बाप्तिस्मा देणारा पाळक न्हाई. आन् एवढी घाई का? आजारी-बिजारी हायस काय?"

"तुमच्या भाचीशी लगीन करायचंय."

"तिला इचारलंस?"

"न्हाई."

"मग सरळ लग्नाचं बोल की गड्या. देवाला मध्यस्थ कशाला नेमतोस?"

आतनं ती हसली. ते हसणं ऐकून माझं डोकं फिरलं, मी तरातरा निघालो आणि पायरीवरची पाण्याची बादली लाथेनं उडवली. तुम्ही शेंगा खाली ठेवल्या नाहीत. म्हणालात, "आता भरून आण ती. नळ कोपऱ्यावर हाय." मास्तर, माझ्या बापानं पट्ट्यानं मारून माझा राग कधी उतरला नव्हता. तुमची बादली भरून आणेपर्यंत तो उतरला होता. मग तुम्ही मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणालात, "ज्यांच्यात यायचं म्हणतोस ती माणसं मुळात आली कुठनं, वाढली कशी, एवढं तरी शिकून घे. मग लगीन, मग बाप्तिस्मा, मग काय करायचं ते कर." मी संध्याकाळी येऊ लागलो. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच येत होतो.

मला वाटायचं की ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्या साहेबानं बोटीतनं आणलेली वस्तू. दगडी देऊळ, घंटा, दवाखाना. तुम्ही म्हणालात, "साहेब परवा आला रं." आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं अख्खा समुद्र काढलात. एका बाजूला यरुशलेम, वर अंत्युखिया, समुद्रापलीकडं करिंथ, पार तिकडं रोम. रोमन सैन्यासाठी बांधलेल्या रस्त्यांवरनं ही माणसं कशी चालत गेली ते तुम्ही बोटानं दाखवत होता. पहिली दोन-अडीचशे वर्षं यांच्याकडं देऊळ म्हणावं असं जवळजवळ काही नव्हतं, हे ऐकून मी चाटच पडलो. कुणाच्या तरी घरी जमायचं, गायचं, एकत्र जेवायचं. जांभळं कापड विकणारी एक बाई होती, तिनं आपलं घर उघडलं आणि त्या गावची मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मेळा, तिथं सुरू झाली. पौल नावाचा त्यांचा प्रचारक गावोगाव जायचा आणि पोटासाठी तंबू शिवायचा. मी म्हणालो, "म्हंजे आपल्याकडं ताडपत्री शिवत्यात तसा." तुम्हाला केवढा आनंद झाला! पौलाची पत्रं आली की एकानं मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, कारण बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. ते मला लगेच कळलं. आमच्या गावात फौजेतल्या पोराचं पत्र आलं की पोस्टमन दारात उभा राहून वाचायचा आणि अर्धी आळी ऐकायची. रडायचीसुद्धा.

तुमची भाची पिठाची परात घेऊन दारात आली. "मामा, हा समुद्र पुसू का? भाकरी थापायच्यात."

"थांब जरा, पौल अजून गलबतात हाय."

"मग उतरवा त्याला लवकर. तवा तापलाय."

मी त्या घरचा चहा प्यालो, भाकरी खाल्ली, माठातलं पाणी प्यालो, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आमचं घर इस्लामपूरकडचं, उसाच्या रानाचं. त्या घरात तुमच्या लोकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, कारण तुमच्या आज्यापणज्यांची घरं गावकुसाबाहेरची. पण सांगलीत मला कोण ओळखत होतं? एकदा तुम्ही करिंथची गोष्ट सांगितली. तिथले बऱ्यापैकी लोक आधी येऊन पोटभर जेवायचे आणि काम उरकून उशिरा येणारे मजूर उपाशी राहायचे. मी फरशीवर मूठ आपटली. "असल्यांना पंगतीतनं हाकलून द्याय पायजे!" तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "व्हय, व्हय. बघू."

दुष्काळ सरला आणि त्या वर्षी चांगलं पिकलं. तुमच्या लोकांचा सुगीचा सण इस्लामपूरजवळच्या एका गावात होता. माझ्या गावापासनं ते दोन कोसावर. लोकांनी जोंधळ्याची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी असं जे पिकलं ते आणून देवळापुढं ठेवलं, उपासना झाली आणि मग प्रीतिभोजनाची पंगत बसली. मांडव रस्त्याच्या कडेलाच होता. तुम्ही पार दुसऱ्या टोकाला बसलात, मी एका म्हाताऱ्याच्या शेजारी. तो ऊसतोडीला जाणारा, हाताला घट्टे. पत्रावळीवर भात पडला, तुमची भाची मटणाचा रस्सा वाढत आली आणि माझ्या पानावर तिनं डाव जरा जास्तच रिकामा केला. म्हातारा म्हणाला, "पावण्यावर लय माया दिसतीय." सगळी पंगत हसली. ती लाजली. मास्तर, त्या वेळी मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो.

चार घास झाले असतील. रस्त्यावर ट्रॅक्टर येऊन थांबला. माझे थोरले चुलते आणि भावकीतले दोघं. इंजिन तापलं होतं, त्यात ओतायला पाणी हवं होतं. चुलते डबा घेऊन मांडवापलीकडच्या हौदाकडं चालले.

मी पानावरनं उठलो.

भरल्या पानावरनं उठणं म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. "आवं पावनं, असं उठू नये. बसा की."

"पोटात कळ आलीय," मी म्हणालो, हात सोडवला आणि मांडवामागच्या उसात शिरलो. सरीत उभा राहिलो, उष्टा हात तसाच. बऱ्याच वेळानं परत आलो तेव्हा तुमची भाची माझं पान उचलत होती. दुसऱ्या कुणाला तिनं ते उचलू दिलं नव्हतं.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर ती माझ्याजवळ आली. "पोट बरं हाय का आता?"

मी 'व्हय' म्हणालो.

"माझ्यासाठी मारामारी केलीत म्हणं. कॉलेज सोडलंत. एक जेवण तेवढं पुरं झालं न्हाई तुमच्यानं." एवढं बोलून ती बायकांच्यात जाऊन बसली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. मलाही तिच्यापुढं जायचं तोंड नव्हतं.

तीन आठवडे मी तुमच्याकडं फिरकलो नाही. मग आलो ते भांडायच्याच तयारीनं. तुम्ही रागवाल, मी उलट बोलेन, दार आपटेन, सुटेन. तुम्ही शेंगाच फोडत होता. "बस," म्हणालात, आणि पौलाचं एक पत्र उघडून मला मोठ्यानं वाचायला लावलंत. अंत्युखियात यहुदी आणि बिगरयहुदी एका पंगतीला बसत होते, जे तोवर फारसं कुणी करत नव्हतं. पेत्रही त्यांच्यात बसून जेवत होता. मग यरुशलेमहून बिगरयहुद्यांबरोबर न जेवणारी काही यहुदी माणसं आली, आणि पेत्र त्यांना भिऊन मागं सरला. वेगळा बसायला लागला. त्याचं बघून बाकीचेही उठले. पौलानं त्याला सगळ्यांपुढं तोंडावर सुनावलं.

माझ्या कानशिलातनं वाफा निघाल्या. "हे मलाच ऐकवायला काढलंय तुमी."

"व्हय तर. मग काय भिंतीला ऐकवू?" तुम्ही टरफलं झटकलीत. "पर नीट बघ की रं, कुणाच्या शेजारी बसवलंय तुला. पेत्र हाय त्यो. मंडळीतला पहिला गडी. येशूच्या मांडीला मांडी लावून जेवलेला. त्याचा पाय लटपटला. तुझा लटपटला तर आभाळ पडत न्हाई."

मी विचारलं, "मग पेत्र काय म्हणाला पौलाला?"

"लिहिलेलं न्हाई."

"असं कसं?"

"न्हाई लिहिलेलं. पर पत्र कुणी फाडलंबी न्हाई. ज्यांच्या म्होरक्याची लाज गेली त्यांनीच ते नकलून काढलं, गावोगाव वाचलं. तुमच्या भावकीत असतं तर?"

आमच्या भावकीत असतं तर चुलीत गेलं असतं, आणि वाचणाऱ्याचं डोकं फुटलं असतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा तुमची ती पहिली मंडळी खरी वाटली. तोपर्यंत ती सगळी पांढऱ्या कपड्यातली, डोक्यामागं उजेड असलेली, कॅलेंडरवरची माणसं होती. आता ती भीतीनं पानावरनं उठणारी, एकमेकांना झापणारी, रुसणारी आणि पुन्हा एका ताटाशी येऊन बसणारी झाली. धर्म कसा पसरला याचं उत्तर कॉलेजात आम्हाला राजांच्या आणि लढायांच्या यादीतनं शिकवायचे. तुम्ही मला ते पंगतीत दाखवलंत. कुणी कुणाशेजारी बसायचं, हे भांडण त्यांनी टाळलं नाही, म्हणून ती माणसं वाढली. माझं शिक्षण अर्धवट राहिलं असं लोक म्हणतात. मी म्हणू देतो.

मी ख्रिस्ती झालो नाही, तुम्हीही पुन्हा तो विषय काढला नाहीत. उलट तासगावच्या एका बागायतदाराला चिठ्ठी लिहून दिलीत, 'पोरगं तापट हाय, पण हातात घेतलेलं काम टाकत न्हाई,' आणि मी द्राक्षाच्या पेट्या ठोकायला लागलो. त्याच चिठ्ठीवर माझा सगळा जन्म गेला, चांगला गेला. शेडवर दुपारी सगळ्या जातींचे डबे एकात एक होतात. नवा कुणी बाजूला जाऊन बसला तर मी ओरडत नाही, माझा डबा घेऊन त्याच्या शेजारी जातो. तुमची भाची नगरकडच्या एका दवाखान्यात लागली आणि तिकडंच तिचं लग्न झालं. ती सुखात आहे असं ऐकलं तेव्हा मी दिवसभर पेट्याच ठोकत राहिलो, पण वाईट काही मनात आलं नाही.

पानावरनं उठलो त्याच्या पुढच्या वर्षी सुगीच्या सणाला मी पुन्हा त्या गावात गेलो. तुम्हाला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तोच म्हातारा शेजारी आला. "काय पावनं, पोट कसं हाय यंदा?" सगळी पंगत पुन्हा हसली. मी पान चाटूनपुसून खाल्लं. ते घरी कळलं आणि चुलते माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहायचं धाडस करतो. त्या दिवशी पत्र वाचून झाल्यावर तुम्ही मऊ आवाजात विचारलंत, "उठलास का रं?" मी म्हणालो, चुलत्यांनी मांडवाबाहेरनं हाक मारली. तुम्ही मान डोलावलीत. "वडीलधाऱ्याची हाक आली की अवघड असतंय." मग तुम्हीच माझी समजूत काढलीत, आणि मी ती काढू दिली.

मास्तर, हाक कुणीच मारली नव्हती. चुलते हौदाकडं तोंड करून डबा भरत होते. त्यांनी मांडवात एकदाही बघितलं नाही.