गुरुवारच्या बैठकीसाठी एक कविता

२ मार्च, सोमवार
लेक सकाळीच येऊन बोलून गेली. शुक्रवारी दुपारी नात शाळेतून इथे आली, बेल वाजवून वाजवून थकली आणि जिन्यातच झोपली. एवढीशी घटना. मी आत एका जुन्या कवितेच्या तंद्रीत होतो. बेल बिघडली असणार. लेक म्हणाली, बाबा, बेल ठणठणीत आहे, बाटली रिकामी आहे. शेवटी अट घातली : दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जाऊन बसा, बोला. तोवर नात दुपारी शेजारच्या मावशींकडे. मावशी स्वभावाने बऱ्या, पण त्यांना कवितेची एक ओळ पाठ नाही. मी पोरीला रोज वृत्तं शिकवतो, त्यांचं काय होणार?

३ मार्च
इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बेल दाबली. वाजली. परक्या माणसासमोर शहाण्यासारखी वागते.

४ मार्च
बैठकीचा पत्ता काढायला फोन केला. पलीकडचा गृहस्थ फार प्रेमळ. विचारलं, आजोबा, स्वतःसाठी की दुसऱ्या कुणासाठी? म्हटलं, एका मित्रासाठी. तो म्हणाला, मग मित्राला घेऊन या, दवाखान्याच्या वरचा हॉल, दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, आणि मित्र आला नाही तर तुम्ही एकटे या. गोड माणूस, पण जरा आगाऊ.

५ मार्च, गुरुवार
जागेची पाहणी केली. हॉलच्या बरोबर समोर बार आहे. तिथल्या खिडकीतून जिना छान दिसतो. तिथेच बसलो. नुसतं बसता येत नाही, काहीतरी मागवावं लागतं. वेटर म्हणाला, काका, नेहमीचं ना? या बारमध्ये मी नवखा आहे असं मला वाटत होतं. वर जाणारी माणसं अगदी साधी निघाली. एकाच्या हातात भाजीची पिशवी. पाहणी लांबली, बैठक सुटली.

७ मार्च
चौकशी केली. तिथे एकेकाने उठून आपली कहाणी सांगायची असते. म्हणजे भर सभेत म्हणायचं! शाळेत पाठांतराचं पहिलं बक्षीस कधी सोडलं नाही मी. गद्यात रडगाणं गाणारे पुष्कळ असतील. आपण वृत्तात सांगू. भुजंगप्रयात. पण दुपारी यमक जुळेना. रिकाम्या पोटी प्रतिभा चालत नाही. एक पेग घेतला, निव्वळ कामासाठी. ओळ आली :

नको रे नको मद्य आता नकोसे

अंगावर काटा आला. दुसऱ्या पेगनंतर पुढची ओळ आपोआप उतरली :

तरी वाटते आज घ्यावे जरासे

आशय किंचित वाकडा गेला खरा, पण वृत्तात इतकी चोख बसली आहे की तिला हात लावणं पाप.

१० मार्च
पंधरा कडवी झाली. बाटली संपली. साहित्याला किंमत मोजावी लागते.

१२ मार्च, गुरुवार
गेलो! आवाज मोकळा व्हावा म्हणून निघताना झाकणभर घेतली, वर वेलदोडा. बैठक एक निवृत्त नर्सबाई चालवतात. मी दारात नुसता नमस्कार केला, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. नियम सांगितला : आज ज्याने घेतली असेल त्याने बसावं, ऐकावं, चहा घ्यावा, बोलू नये. पंधरा कडवी खिशात घेऊन मुका बसलो. एक बसड्रायव्हर बोलला. उपमा नाही, यमक नाही, तरी सगळे डोळे पुसत होते. अभिरुची बेताची.

१९ मार्च, गुरुवार
आज अर्धंच झाकण. तरी तोच नियम. नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, तुम्ही ऐकता मात्र छान. दुसरा कप चहा मिळाला. लेकीला फोनवर सांगितलं, गटात माझं वजन वाढतंय. तिने विचारलं, बोललात का? म्हटलं, श्रोते अजून तयार नाहीत. म्हणाली, मग मावशींकडेच बरं आहे. मागून नातीचा आवाज आला. मावशी तिला पत्ते शिकवतात म्हणे. पत्ते!

२६ मार्च, गुरुवार
आता कवितेसाठी त्याग. सकाळपासून थेंब नाही. नर्सबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, आज तुम्ही बोला. उठलो. कागद खिशातच राहू दिला. पाठच होत्या, म्हटल्या, पहिल्या दोन ओळी. मग सगळा हॉल हसला, टाळ्यांचा कडकडाट. बसड्रायव्हर ओरडला, आजोबा, अगदी खरं बोललात, माझंही रोज हेच होतं! मी म्हटलं, थांबा, पुढे चौदा कडवी आहेत. नर्सबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं, म्हणाल्या, एवढं पुरे आहे. पुढची कडवी कुणी मागितली नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. तिथला पंखा फार जोरात फिरतो.

२७ मार्च, शुक्रवार
लेकीचा फोन. बोललात? बोललो. घेतली होती? नव्हती. तिने नाक ओढलं. सर्दी झालेली दिसते. म्हणाली, रविवारी दुपारी हिला घेऊन येते, पण मीही बसणार. म्हटलं, किती वेळ? म्हणाली, पूर्ण वेळ, बाबा, आणि पुढच्या रविवारीही.
लेकीला कवितेची एवढी ओढ असेल असं कधी वाटलं नव्हतं.