एकतीस जून

६ एप्रिल
चाळीस हजार प्रती! प्राप्तिकराच्या विवरणपत्राचं काम यंदाही आपल्याच छापखान्याला. मजकूर पाहिला. नाव, पत्ता, उत्पन्न — सगळं ढळढळीत, मोठ्या टायपात. मुदतीची शेवटची तारीख मात्र चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढी. प्राप्तिकर कार्यालयाच्या साहेबांना म्हटलं, "जरा ठळक करू?" म्हणाले, "नमुना मंजूर आहे." म्हणजे लोकांनी आधी फॉर्म भरायचा, मग भिंग घेऊन तारीख हुडकायची!

९ एप्रिल
सासरेबुवा प्रूफं तपासताहेत. "छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्याला मुलगी देणार नाही," असं मला तोंडावर सांगणारा हा माणूस आज माझ्याच छापखान्यात मुद्रितशोधक! निवृत्तीनंतर घरी करमेना, तेव्हा बायकोनंच आणून बसवलं. आता 'जावईबापू' म्हणतात, पण सुरात 'खिळेवाले'च असतं. माझे कान पक्के आहेत.
दुपारी मशीन रिकामं उभं, साहेबांचे फोनावर फोन. मी उभ्याउभ्याच प्रूफांवर सह्या ठोकल्या आणि फर्मा मशीनवर चढवला.

२२ एप्रिल
गठ्ठे रवाना. हुश्श!

२५ एप्रिल
शेजारच्या न्हाव्यानं गालाला साबण फासला आणि म्हणतो, "मालक, यंदा माझी चैन आहे. शेवटची तारीख येतच नाही!" पुढ्यात आपलाच फॉर्म धरला. चष्मा नव्हता. म्हटलं, "वाच."
"एकतीस जून."
अर्धी दाढी तशीच घेऊन पळालो.
कार्यालयानं दिलेला मूळ मजकूर काढला. तिथेही एकतीसच! गेल्या वर्षीपर्यंत मुदत एकतीस जुलै होती. यंदा महिनाभर अलीकडे आणली. त्यांच्या कारकुनानं 'जुलै' खोडून 'जून' केलं, आकडा ठेवला तसाच.

२६ एप्रिल
साहेब म्हणाले, "चूक आमची, कबूल. पण नजर तुमची ना? तुमच्या माणसानं विचारायला नको?" त्यांना वर एक नाव कळवायचंय. मुद्रितशोधक बदला, नाहीतर पुढच्या वर्षी छापखाना बदलतो — सरळच सांगितलं.
सासरेबुवांना विचारलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "डोळे गेले माझे, जावईबापू. लिहा तसं."
या खेपेला सुरात खिळेवाला नव्हता. कानाला खटकलं. सोडून दिलं.

२७ एप्रिल
पत्र लिहिलं — आमच्या मुद्रितशोधकांची दृष्टी अधू झाल्यामुळे, वगैरे. बायकोनं वाचलं. "बरं केलंत. उद्या आमटी खारट झाली तरी बाबांचंच नाव लिहा." दिवसभरात तेवढंच बोलली. पत्र खिशातच राहिलं.

२९ एप्रिल
गठ्ठे परत आलेत. एकतिसावर '३०' छापलेल्या चिमुकल्या पट्ट्या चिकटवणं चालू आहे. "हे शेवटचं काम," म्हणत सासरेबुवाही येऊन बसले. एकेक पट्टी अशी सरळ लावतात की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. डोळे गेलेला माणूस!
थट्टेनं म्हटलं, "एखादी तिरकी लागली तर?"
"तर खिळेवाल्यांना बोलावू. त्यांना कुठे घाई असते!"
सगळा छापखाना हसला. मीही. घाईचं काय म्हणाले, ते नीटसं कळलं नाही.
पत्र उद्या टपालात.

३० एप्रिल
पत्राला सहीचं प्रूफ जोडायचं म्हणून फाइल काढली. पान चार. समासात सासरेबुवांची पेन्सिल — 'जूनला एकतीस दिवस? कार्यालयाला विचारा.' खाली लाल शाईत — 'वेळ नाही. आहे तसं जाऊ द्या.' सही माझी.
पत्र फाडलं. नवं लिहिलं, माझ्या नावाचं. सासरेबुवांकडे घेऊन निघालोय — तपासून, त्यांची सही झाल्याशिवाय ते टपालात पडायचं नाही.