क्लिपखालचं गोणपाट

आबा, तुझ्या जीपला आज नवे ब्रेक पाइप घातले. चारही चाकांचे, सगळे हाताने वाकवून. तुझी गॅरेजची शेड आता पाडायची आहे, जागा कंटेनरवाल्यांना गेली, आणि भाऊ म्हणाला जीप भंगारात देऊन टाकू. मी म्हटलं, क्रेनला लटकून नाही जायची ती, स्वतःच्या चाकांवर जाईल. बापासारखी हट्टी, असं आई म्हणाली आणि मिठागराकडे तोंड करून बसली. तू गेल्याला अठरा वर्षं झाली, अजून ती जीपकडे पाठ करूनच बसते.

सकाळी पाइप कापला, तोंड घासलं, आणि तुझ्या त्या तोंड फुलवायच्या अवजारात धरण्याआधी नट ओवलाय का ते दोनदा बघितलं. शिकत होते तेव्हा पहिल्यांदा मी दोन्ही तोंडं सुरेख फुलवून मोठ्या तोऱ्यात तुझ्यासमोर धरली होती. तू पाइप हातात घेतोस, उलटसुलट फिरवतोस, मिशीत हसतोस आणि विचारतोस, "बाय, नट कुठं हाय?" नट आधी घालायचा असतो, तोंड फुललं की तो आत जात नाही. दिवसभर तू येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पाइप दाखवलास. मी रागाने जेवले नाही. संध्याकाळी तू पाइप खिळ्याला टांगलास, अवजार माझ्या हातात ठेवलंस आणि म्हणालास, आता हे तुझं. तो पाइप अजून तिथेच लटकतोय. यार्डात मी ट्रेलरची कामं करते, हाताखाली चार माणसं आहेत, तरी त्याच्याकडे बघितलं की माझे कान गरम होतात.

जीपचा मागचा पाइप मग मीच बनवला, एकटीने. तो गाडीच्या पोटाशी क्लिपांनी आवळायचा आणि प्रत्येक क्लिपखाली रबराचा तुकडा घालायचा, म्हणजे खडखडत नाही. रबर संपलं होतं. नाक्यापर्यंत कोण जाणार, म्हणून दाराशी पडलेलं मिठाचं गोणपाट फाडलं आणि त्याचे तुकडे कोंबले. आपल्याकडे गोणपाट कशाला नाही वापरलं, पाय पुसायला, खिडकीला, तुझ्या सीटवरसुद्धा. तू वरून, सीटवर बसल्या बसल्या विचारलंस, "खाली रबर घातलंस ना?" मी म्हटलं, व्हय.

मीठ ओल धरून राहिलं आणि क्लिपखाली, जिथे कुणाचा डोळा जात नाही तिथे, पाइप खात राहिलं. दुसऱ्या वर्षी तू बोर्लीला आत्याकडे निघालास आणि घाटाच्या उतारावर तो फुटला. जुनी जीप, चारी चाकांना मिळून एकच लाइन, एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. तुला घरी आणलं तेव्हा लोक म्हणत होते, मिस्त्री दुनियेच्या गाड्या बघत बसला, स्वतःची बघितली नाही. आईसुद्धा तेच म्हणते. मी आजवर ऐकून घेतलं, आबा, एक शब्द बोलले नाही. लाज वाटते मला. आज जुना पाइप सोडवला तर तिसऱ्या क्लिपखाली तो तुकडा निघाला, काळा पडलेला आणि अजून ओला. मे महिन्यात, छपराखाली. बोट जिभेला लावून बघितलं, खारट होतं.

पाइप बसले, राहिली ब्रेकच्या तेलातली हवा काढायची. ते एकट्याचं काम नव्हे. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकामागची निपल, म्हणजे बारकी तोटी, नळी लावून सैल करायची, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाहेर पडतात. ते अवजार दिल्यापासून मी खाली असायचे आणि तू वर. आज भाऊ येणार होता. धूळ नको म्हणून मी दाराला आतून कडी घातली, त्याची वाट बघत मागच्या चाकाशी आडवी झाले, पान्हा लावला, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "दाब." नळीत तेल सरकलं. बुडबुडे आले. म्हटलं, वरचं तेल आपसूक उतरलं असेल. निपल आवळून "सोड" म्हटलं, तर वर पेडल टक करून परत आलं.

दाराची कडी तर आतून होती. ओरडून तरी कुणाला बोलावणार? गाडीच्या तळाला भोक आहे, त्यातून पेडलचा दांडा दिसतो. दुसऱ्या चाकाला मी त्याच्याकडेच बघत राहिले. दाब म्हटलं. दांडा अर्ध्यावर आला, जरा थांबला आणि मग सावकाश पूर्ण खाली गेला. तू तसाच दाबायचास. तिसऱ्या चाकाला भीती वाटत होती ती वेगळीच, की आता एकच चाक उरलं.

चौथ्याला दोन-चारदा दाबल्यावर बुडबुडा दिसेना, नुसतं स्वच्छ तेल. निपल आवळली. मग तिथेच पडल्या पडल्या मोठ्याने सांगितलं, आबा, रबर नव्हतं, गोणपाट होतं, मी खोटं बोलले. पेडल तसंच खाली होतं, दाबून धरलेलं.

मी सरपटत बाहेर आले. सीटकडे बघायची हिंमत झाली नाही. जीपकडे पाठ करून, आईसारखीच, बाकावर बसून हे लिहितेय. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. बाहेर भाऊ आलाय, कडी वाजवतोय, विचारतोय झालं का काम. झालंय. हवा सगळी निघाली, गाडी जायला तयार आहे. फक्त मी अजून "सोड" म्हटलेलं नाही.