मादामना खोली देताना

मेढा, मालवण
१७ फेब्रुवारी १९६३

ती. नानामामा आणि सौ. मामी यांस,

कावेरीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळी बरी आहोत, बाबांचा खोकला सोडल्यास, आणि तो सुटायला तयार नाही. तुमचा दुखरा दात काढलात का? नसेल तर आई म्हणते लवंग धरून ठेवा. (आईने सांगितलं म्हणून लिहिलं. माझं मत दाताच्या डॉक्टरकडे जा असंच आहे.) पत्रास कारण की, असं लिहायचा रिवाज आहे, पण या पत्राला खरं म्हणजे कारण काहीच नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या गिरगावातल्या रविवारांची फार आठवण झाली, एवढंच.

आठवतं ना? होस्टेलमधून मी सकाळीच यायची, मामी पोहे परतायच्या, आणि तुम्ही काळी टोपी घालून दारातल्या ट्रंकेवर बसायचात, पॅरिसच्या हॉटेलचे मॅनेजर म्हणून. मी हातात पिशवी घेऊन जिन्यावरून यायची आणि विचारायची, "आव्हे-व्हू ऊन शांब्र?" म्हणजे, आपल्याकडे खोली आहे का? तुम्हाला मी एकच शब्द शिकवला होता, 'नों', म्हणजे नाही. तो तुम्ही असा काही ठसक्यात म्हणायचात की शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं बघायला यायची. चार वर्षं मी खोली मागितली, समुद्राकडच्या खिडकीची मागितली, बिनखिडकीची मागितली, किल्ली मागितली, स्टेशनची वाट विचारली. तुम्ही एकदाही खोली दिली नाहीत. मग मामी म्हणायच्या, पोहे निवतायत, आणि पॅरिस संपायचं.

बी. ए. होऊन घरी आले तेव्हा हे सगळं शब्दभांडार माझ्याबरोबर आलं. पण जिथे जिल्ह्यात रेल्वे नाही तिथे स्टेशनची वाट कोणाला विचारणार? बाबांच्या दुकानाच्या फळीवर रोज संध्याकाळी मंडळी बसतात, तुम्हाला माहीत आहेच. त्यात भाई शिंप्यांचा एकच विषय. "दाजीनू, चेडवाक फ्रेंच शिकवलास, आता जावय काय बोटीन येतलो?" (बाबांना सगळं गाव दाजी म्हणतं, आणि चेडू म्हणजे मुलगी, अर्थात मी.) बाबा हसून गूळ तोलत राहायचे. मी एम. ए. चं नाव काढलं तेव्हा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "ह्या शिकण्याचो एक तरी उपयोग माझ्या डोळ्यांका दिसांदे, मगे पुढचां बघया." मला राग आला नाही. मी इथल्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवू लागले आणि मनाशी म्हटलं, देशाला एम. ए. पेक्षा पाचवीच्या मास्तरणीची गरज जास्त आहे. (हे मला अजूनही खरं वाटतं. रोज संध्याकाळपर्यंत वाटतं.)

आणि गेल्या सोमवारी दुपारी एसटीच्या कंडक्टरने एक गोरी बाई थेट आमच्या अंगणात आणून सोडली. बांद्याहून आली होती, किल्ला बघायला. वाऱ्यामुळे होड्या बंद, परतीची गाडी गेलेली, आणि एकट्या बाईने उतरावं असं ठिकाण बाजारात नाही. ती फ्रेंच आहे हे कळल्यावर कंडक्टरला दुसरा पत्ता सुचलाच नाही. पाठोपाठ निम्मा मेढा आला. बाबा दुकान बंद करून आले, भाई गळ्यातली टेप न काढता आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि त्या बाई, मादाम ल गॉफ, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पिशवी खाली ठेवून मला विचारतात, "आव्हे-व्हू ऊन शांब्र?"

नानामामा, इथेच माझी पंचाईत झाली. कारण कॉलेजातल्या ज्या फ्रेंच संभाषणाच्या पुस्तकातून ती वाक्यं घेतली, त्यात मी नेहमी प्रवासी होते. विचारायचं कसं ते सगळं मला पाठ होतं. उत्तर काय द्यायचं ते कोणी शिकवलंच नव्हतं. आमच्यात उत्तरं द्यायचं काम तुमच्याकडे होतं, आणि तुमचा तो एकुलता एक शब्द मी आमच्या दारात उभं राहून कसा उच्चारणार? बाबा माझ्या तोंडाकडे बघतायत. गप्प राहावं तर चार वर्षं पाण्यात. म्हणून जे वाक्य पहिलं ओठांवर आलं ते मी स्पष्ट उच्चारात म्हणून टाकलं: गाडी किती वाजता सुटते?

अंगणात समाधानाची कुजबुज झाली. पण काशीआत्येला अर्थ हवा होता, आणि मी खरा अर्थ सांगितला. (मला खोटं सांगता येत नाही, हा माझा गुण असल्याचं तुम्हीच एकदा म्हणालात.) आत्या नारळ सोलत होती, तो तिच्या हातातून सुटला. पाहुणा महिनाभर राहिला तरी 'कधी जाणार' हे इथे कोणी विचारत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. "दारात इलेल्या बाईक, पाणी देवच्या आधी, जातलंस केव्हा म्हणान इचारलंस? ह्यांच शिकवल्यानी काय गो तुका मुंबयत चार वर्सां?" एवढं बोलून आत्येने मादामचा हात धरला, तिला ओसरीवर बसवलं, पुढ्यात गूळपाणी ठेवलं आणि माझ्या प्रश्नाचं प्रायश्चित्त म्हणून घावणे घालायला घेतले. ते रात्रीपर्यंत संपले नाहीत.

मादाम मात्र रागावल्या नाहीत. त्या मास्तरीण, मुलगी पाठ म्हणते आहे हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी माझ्या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं: त्यांच्या गावाहून गाडी सकाळी सुटते. मग मी विचारलं, स्टेशन कुठे आहे? बंदराच्या मागे, म्हणाल्या, जाळी सुकवतात तिथून वर. निम्मं शब्दांनी, निम्मं हातांनी मी त्यांच्या गावात जाऊन पोचले. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मासेमाऱ्यांचं गाव, आपल्या देवबागसारखंच, फक्त थंड. मंडळींना वाटत होतं मी पाहुणीची सोय लावते आहे. आणि मी ओसरीवर बसून त्यांच्या घरी खोली मागत होते. एका माणसासाठी, समुद्राकडच्या खिडकीची. तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवला आणि सांगितलं: त्यांचे यजमान बोटीवर होते, ते आता नाहीत, आणि त्यांची खोली तेव्हापासून तशीच आहे. मग म्हणाल्या, "वी, मादमोआझेल." म्हणजे, हो, आहे. मला इतक्या वर्षांत प्रथमच खोली मिळाली, नानामामा, आणि मला रडूच आलं. भाई शिंपी म्हणाले, बघा, फ्रेंच किती कठीण भाषा.

आत्येने मादामना स्वतःची खाट दिली. किल्ली द्यायचा प्रश्न आला नाही. माजघराला आमच्या कुलूपच नाही. वारा पडल्यावर त्यांनी किल्ला पाहिला, मग पुन्हा पाहिला, आणि शुक्रवारच्या एसटीत बसताना म्हणाल्या, "ओ रव्हुआर." आत्येने अर्थ विचारला. मी सांगितलं, जाते नाही म्हणत ती, पुन्हा भेटू म्हणते. आत्या म्हणाली, मग चांगल्या घरची आहे.

आता अंगण सुनं वाटतं. मी मात्र समाधानात आहे. एम. ए. चा विचार मी मनातून काढला आहे. मामींना नमस्कार, मधूला आशीर्वाद. दात काढा.

तुमची भाची,
कावेरी

ता. क. मामींसाठी सोलं आणि कुळथाचं पीठ बोटीने पाठवलं आहे. त्याचा पुढच्या मजकुराशी काही संबंध जोडू नये.

ता. क. आणखी एक. मी फक्त प्रश्नच विचारत होते, हे मी बाबांना त्याच रात्री सांगितलं. त्यावर ते आज दुपारी जेवताना म्हणाले, "तू इचारलंस, तिना सांगल्यान, आणि ती उपाशी गेली नाय. मगे उपयोग म्हणजे आणि काय?" तेव्हा एम. ए. ला हो आहे. पण होस्टेल नको; घरच्या माणसांत राहणार असशील तरच जा, म्हणतात. (वर मनातून काढल्याचं लिहिलं ते सकाळी लिहिलं होतं.)

ता. क. शेवटचा. तर नानामामा, आव्हे-व्हू ऊन शांब्र? एका माणसासाठी, जूनपासून. खिडकी नको, समुद्र इथे पुष्कळ पाहिला. किल्ली नको. तुम्ही बसता त्या ट्रंकेशेजारी माझी ट्रंक मावेल. कार्डावर एक शब्द लिहिलात तरी पुरे. तुम्हाला दुसरा शब्द शिकवायचा राहून गेला होता, तो खाली लिहून देते. मॅनेजरसाहेबांनी नीट पाठ करावा.

वी.