मसुराएवढा डाग

९ जून २०२५, सोमवार

ईश्वरीच्या कपाळावर पांढरा डाग आहे. मसुराएवढा, दोन भुवयांच्या बरोबर मधे. अंघोळ घालताना कालची टिकली काढली आणि दिसला. आधी वाटलं साबण राहिलाय. पाणी ओतलं, पुन्हा चोळलं. "मम्मी, दुखतंय ना," म्हणाली तेव्हा हात थांबला.

आठ वर्षांची पोर. अंग पुसलं आणि नेहमीसारखी टिकली लावून दिली. हे काम माझंच. ईश्वरीचे पप्पा गेल्यापासून माझं कपाळ रिकामं — तिचं भरलेलं दिसलं की मग मी कामावर जाते.

१० जून

कोड. लिहून टाकला एकदाचा शब्द. तोंडानं म्हणायची हिंमत नाही.

१२ जून

आत्याबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. सासूच ती! आमच्यात कुणाला नाय, तुझ्या माहेराकडचं असंल, म्हणाल्या. माहेरी कुणालाच नाही. मग म्हणाल्या, नळाचं पाणी आठ-आठ दिवस टाकीत साठतंय, त्याचं असंल.

माझं डोकं दुसरीकडंच. क्रांती चौकात मेडिकलवर कामाला आहे मी. दिवसभर साबण, पावडरी, शाम्पू विकते. आज पहिल्यांदा डबे उलटे करून वाचले. मुंगीएवढी अक्षरं, अर्धी नावं तोंडात बसेनात. आमची फार्मासिस्ट सुकेशनी समजावत होती — हे फेसासाठी, हे वासासाठी, हे खराब होऊ नये म्हणून. लेकराला चालतं का, विचारलं.

"थोडं चालतं म्हणतात, ताई. पण साबणातलं थोडं, पावडरीतलं थोडं, क्रीममधलं थोडं... सगळं मिळून किती होतं, कुणी बघितलंय?"

घरी येऊन सगळं पिशवीत भरलं. तिचा गुलाबी शाम्पू, पावडर, क्रीम, वासाचं तेल. सकाळी घंटागाडीत. आता बेसन आणि शिकेकाई, बस.

१६ जून

शाळा सुरू. डाग टिकलीच्या कडेनं दिसतोय. मोठी टिकली आणली, लाल, खड्याची. झाकला गेला.

२८ जून

मोठ्या टिकलीच्याही बाहेर आलाय. एवढं सगळं बंद करूनही! कुठून येतंय हे? ताटातून? हवेतून?

वर्गातल्या एका पोरीनं आज तिच्यापासून डबा बाजूला सरकवला. घरी आली ती दप्तरासकट माझ्या मांडीवर पडून रडली. मी पण रडले. आता पुरे झाले घरचे उपाय.

५ जुलै

स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आलो. खोलीत अंधार करून निळा दिवा धरला, बारकाईनं बघितलं. काय काय लावता म्हणाल्या. मी जोरात यादी सांगितली — साबण बंद, पावडर बंद, शाम्पू बंद, सगळं बंद!

त्यांनी टेबलावरच्या टिकलीकडं बोट केलं. आत्ताच मी तिच्या कपाळावरून काढून ठेवलेली.

"आणि ही?"

टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं म्हणे, काहींच्या कातडीचा रंग मारतं. आजवर तेवढ्याच जागेवर आहे, आत्ता सोडलं तर रंग परत येईल बहुतेक. नाही सोडलं तर पसरेल, मग आमच्याही हातात नाही, म्हणाल्या.

दुकानातली दुनिया उलटी करून वाचली मी. टिकलीचं पाकीट नाही वाचलं. घरी येऊन बघितलं तर त्यावर वाचायला काही नव्हतंच. नटीचा फोटो आणि किंमत. ह्याच हातानं लावत होते रोज, वरून दाबून.

६ जुलै

तिची सगळी पाकिटं फेकली. आत्याबाई आडव्या आल्या. मामंजी जाऊन लई वर्षं झाली, आत्याबाईंचंही कपाळ माझ्यासारखंच रिकामं.

"दोन उघडी कपाळं बास झाली या घरात. तिसरं नको करू."

मी ऐकलं नाही. पण दिवसभर ते कानात राहिलं.

२० जुलै

डाग तसाच. वेळ लागतो म्हणाल्या होत्या.

२३ ऑगस्ट

पुन्हा दवाखाना. डाग वाढलाय, आणि शेजारी बारीक दुसरा! टिकली बंद आहे ना, त्यांनी विचारलं. लेकराची शपथ घेऊन हो म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कापसानं कपाळ पुसलं आणि कापूस माझ्या बोटाला लावला. चिकट लागला, टिकलीच्या गोंदासारखा.

घरी येऊन आत्याबाईंवर तुटून पडले. नको ते बोलले. त्या रडत म्हणाल्या, माझ्या मेलेल्या लेकाची आण, मी नाय लावली.

२४ ऑगस्ट

ईश्वरीच्या कंपासपेटीत सापडलं. माझं जुनं पाकीट, मरून टिकल्यांचं. कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं मी, टाकवलं नव्हतं. शाळेत गेली की लावायची, घरी यायच्या आधी काढायची.

हात उगारला होता. मारलं नाही, बरं झालं. का लावलीस, एवढंच विचारलं.

"तूच तर दिली होती. पप्पांच्या दहाव्याला बायकांनी तुझी काढली तेव्हा तू म्हणलीस, आता माझी तू लाव. मी पण काढली तर पप्पांची कोण लावणार?"

मला तर ते आठवतही नव्हतं. पाच वर्षांची होती, रडायची थांबावी म्हणून बोलले असेन काहीतरी. आणि एवढं कपाळ पांढरं होईस्तोवर लेकरानं ते सांभाळलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी देवापुढचा करंडा घेतला आणि आरशापुढं बसले. कुंकवात काय भेसळ असेल देव जाणे, माझ्या कपाळाचं काय व्हायचं ते होऊ दे. कुंकू थोडं वाकडं लागलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनीच करंडा उचलून परत देवापुढं ठेवला.

ईश्वरीनं जवळ येऊन माझं कपाळ बघितलं.

"मग आता माझी सुट्टी?"

व्हय, म्हणलं. तुझी सुट्टी.

कोरं कपाळ घेऊन शाळेत पळाली.